वाशिम निजामाच्या हातून कसं गेलं? एका लष्करी आघाडीच्या बिलाची गोष्ट

'एका सदस्यावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला' हे नाटो कराराचं पाचवं कलम. १९४९ मध्ये १२ देशांनी सुरू केलेल्या या आघाडीत आज ३२ देश आहेत. कलम आजवर एकदाच लागू झालं, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर. तरीही नाटोच्या बातम्यांमध्ये सतत वाद दिसतो तो खर्चाचा.

या वादाचं एक जुनं उदाहरण आपल्या वऱ्हाडात आहे.

१७९५ मध्ये खर्ड्याला मराठ्यांकडून हरलेल्या हैदराबादच्या निजामाने १७९८ मध्ये इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. १८०० च्या तहाने संरक्षणाची हमी पक्की झाली. त्या बदल्यात कंपनीला विचारल्याशिवाय इतर सत्तांशी बोलणी करायची नाहीत आणि युद्ध झालंच तर ६,००० पायदळ व ९,००० घोडदळ द्यायचं, असं ठरलं.

सुरुवातीला निजामाचा फायदाच झाला. १८०३ मध्ये नागपूरकर भोसले हरले आणि देवगावच्या तहानंतर वर्धा नदीच्या पश्चिमेचा त्यांचा वाटाही निजामाला मिळाला. वाशिम याच पट्ट्यात येतं.

खरी मेख युद्धकाळातल्या मदतीच्या अटीत होती. युद्धापुरती कबूल केलेली ही मदत हळूहळू कायमची फौज बनली, 'हैदराबाद कंटिंजंट'. तिची एक छावणी वाशिमशेजारच्या हिंगोलीत होती. अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रजांचा, पगार मात्र निजामाच्या तिजोरीतून. पगार थकला, कर्ज चढलं. मे १८५३ मध्ये, डलहौसी गव्हर्नर जनरल असताना, या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवकडचा मुलूख इंग्रजांनी कारभारासाठी घेतला. कागदावर मालक निजामच.

नाटोत तसं नाही. तिथे प्रत्येक देशाचं सैन्य त्याचंच असतं, पाचव्या कलमाखाली कोणती मदत करायची हे तोच ठरवतो आणि वर्षभराची नोटीस देऊन बाहेरही पडू शकतो. निजामाकडे यातलं काहीच नव्हतं.

१८६० मध्ये रायचूर आणि धाराशिव परत मिळाले, वऱ्हाड नाही. दिवाण सालारजंग यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. अखेर १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने घेतलं.

आणि ज्या कंटिंजंटसाठी हे सगळं झालं, ती १९०३ मध्ये ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली. १९३६ मध्ये निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. वाशिमचा कारभार तेव्हाही नागपूरहूनच चालत होता.