अमेरिकेतील जॉर्जियनकालीन पाकक्रिया

अमेरिकेतील जॉर्जियनकालीन पाकक्रिया : ब्रिटनच्या गादीवर पहिल्या जॉर्जपासून चौथ्या जॉर्जपर्यंतचे राजे होते त्या काळात (१७१४–१८३०) उत्तर अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींत, आणि १७७६ नंतर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, रूढ असलेला रोजचा स्वयंपाक. यातील १८११ ते १८२० ही वर्षे ब्रिटनमध्ये रीजन्सीचा काळ म्हणून ओळखली जातात. राजकीय नाते तुटले तरी अमेरिकी घरातली चूल, ताटांची मांडणी आणि पाकग्रंथ पुढे बरीच वर्षे इंग्रजी वळणाचेच राहिले. या स्वयंपाकातला मका मूळ रहिवाशांकडून आला. दक्षिणेतल्या भात, भेंडी आणि चवळीच्या पाककृती गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी लोकांनी घडवल्या. छापील नोंद मात्र मुख्यतः इंग्रजी घराण्यांचीच झाली. त्यामुळे हा काळ समजून घ्यायचा तर पुस्तकांइतकेच चुलीपाशी राबलेल्या माणसांकडेही पाहावे लागते.

धान्य व रोजचे अन्न : इंग्रजांना हवी असे गव्हाची पांढरी पावरोटी. पण न्यू इंग्लंडमध्ये गव्हावर तांबेरा पडे. या रोगाचा बारबेरीच्या झुडपांशी संबंध आहे हे शेतकऱ्यांनी ओळखले होते, आणि कनेटिकटने १७२६ मध्ये ती झुडपे तोडण्यासाठी कायदाही केला. गहू दुर्मीळ झाल्याने मका व राय मिसळून केलेली दाट, ओलसर पावरोटी गरिबांचे रोजचे अन्न बनली. पाण्यात किंवा दुधात मक्याचे पीठ वैरून केलेला घाटा सकाळी दुधाबरोबर नाही तर काकवीबरोबर खात. त्याला ‘हेस्टी पुडिंग’ म्हणत. कनेटिकटचा कवी जोएल बार्लो याला १७९३ मध्ये फ्रान्समधील सव्हॉय प्रांतात हा पदार्थ पानात मिळाला आणि घरच्या ओढीने त्याने त्यावर दीर्घ काव्यच लिहिले. दक्षिणेत मक्याच्या पिठाच्या चकत्या तव्यावर किंवा निखाऱ्यांपाशी भाजत. जॉर्ज वॉशिंग्टन यांची न्याहारी म्हणजे लोणी-मधात भिजलेल्या अशा चकत्या, असे त्यांच्या घरी वाढलेल्या नेली कस्टिस यांनी लिहून ठेवले आहे.

मका, घेवडा व भोपळा एकाच शेतात एकमेकांच्या आधाराने वाढवण्याची पद्धत हॉडेनोशोनी व इतर मूळ जमातींची होती. मक्याचे दाणे राखेच्या पाण्यात उकळून त्यांची साले काढण्याची त्यांची रीत आहाराच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व अशा प्रक्रियेनंतरच शरीराला पुरेसे मिळते. केवळ दळलेल्या मक्यावर जगणाऱ्या दक्षिणेतल्या गरिबांत विसाव्या शतकाच्या आरंभी पेलाग्रा रोगाची साथ पसरली, ती या ज्ञानाकडे पाठ फिरवल्याची किंमत होती.

बटाट्याची लागवड न्यू हँपशरमधील लंडनडेरी येथे १७१९ मध्ये आलेल्या स्कॉच-आयरिश कुटुंबांनी रुजवली असे मानले जाते. मांसात डुकराचे मांस सर्वांत सोयीचे, कारण ते मिठात चांगले टिके. किनाऱ्यावर खारवलेला कॉड मासा चाले. बॉस्टनमध्ये शनिवारी सूर्यास्तापासून विश्रामदिन सुरू होई, तेव्हा घेवड्याचे दाणे, खारे मांस आणि काकवी मडक्यात भरून मडके रात्रभर भट्टीत ठेवण्याची चाल पडली.

चूल व भांडी : स्वयंपाक उघड्या शेकोटीवर होई. विटांच्या रुंद चुलाण्यात लोखंडी फिरता दांडा बसवलेला असे आणि त्याला लहानमोठ्या आकड्यांनी कढया टांगत. कढई वरखाली करून आच कमीजास्त करायची. मांस सळईत ओवून विस्तवासमोर फिरवत आणि खाली ठेवलेल्या थाळीत गळणारी चरबी पुन्हा त्यावर ओतत. बिडाच्या तिपाई भांड्याच्या झाकणाला काठ असे. त्यावर निखारे रचले की आपल्याकडे नानकटाई भाजतात तसा वरून-खालून शेक मिळे. भिंतीतल्या भट्टीत आधी तासन् तास लाकडे जाळत, मग निखारे ओढून काढत, तळ झाडून घेत आणि आत हात धरून आचेचा अंदाज घेत. हात किती वेळ धरवतो यावरून भट्टी पावरोटीसाठी तापली की कस्टर्डसाठी निवली, हे बाईला कळे. लांब घागऱ्यांनी विस्तवापाशी वावरणे धोक्याचे होते, भाजण्याचे प्रकार नेहमी घडत.

या पद्धतीत शास्त्रीय सुधारणा केली ती मॅसॅचूसेट्समधील वोबर्न येथे जन्मलेल्या बेंजामिन टॉम्पसन ऊर्फ काउंट रमफर्ड यांनी. उघड्या शेकोटीत बहुतेक उष्णता धुराड्यातून निघून जाते हे दाखवून त्यांनी बंदिस्त विटांची शेगडी व भाजणीची लोखंडी पेटी तयार केली. न्यू हँपशरमधील पोर्ट्‌स्मथ येथील रंडलेट-मे या १८०७ च्या घरात अशी शेगडी आजही जागेवर आहे. सामान्य घरांत बदल झाला तो १८२० नंतर बिडाचे स्टोव्ह स्वस्त होऊ लागल्यावर.

जेवणाच्या वेळा व वाढप : मुख्य जेवण दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान असे आणि रात्रीचे हलके. श्रीमंतांकडे एका फेरीतले सगळे पदार्थ एकदम मेजावर मांडत. भाजलेला पक्षी, ‘पाय’ (सारण भरून भाजलेला पदार्थ), पुडिंग, लोणचे यांच्या जागा समोरासमोर जुळवलेल्या असत आणि पाकग्रंथांत त्यांचे नकाशेही छापत. शेतकऱ्याच्या घरी एकच कढई असे आणि मांस, कंदमुळे, पुडिंगचे कापडी गाठोडे सारे तिच्यातच शिजे.

पेये : सफरचंदाची आंबवलेली सायडर लहानथोर सगळे पीत. कॅरिबियन बेटांतल्या साखरेच्या मळ्यांतून येणाऱ्या काकवीवर न्यू इंग्लंडच्या रमच्या भट्ट्या चालत. त्यामुळे काकवी-साखरेवर कर बसवणारे १७३३ चा मोलॅसिस कायदा आणि १७६४ चा साखर कायदा हे थेट स्वयंपाकघराला भिडणारे विषय होते. चहाचेही तसेच झाले. १६ डिसेंबर १७७३ रोजी चहावरच्या कराच्या निषेधात बॉस्टनच्या बंदरात ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या फेकण्यात आल्या. जुलै १७७४ मध्ये प्रवासात थकलेल्या जॉन ॲडम्स यांनी एका खानावळीत चहा मागितला, तेव्हा मालकिणीने आपण चहा सोडल्याचे सांगून कॉफी केली. हा प्रसंग त्यांनी पत्नी ॲबिगेल यांना पत्रातून कळवला. बहिष्काराची धग किती घरांपर्यंत पोचली होती, हे त्यातून कळते.

पाकग्रंथ : आरंभी सर्व पुस्तके लंडनची. विल्यम पार्क्‌स यांनी १७४२ मध्ये विल्यम्सबर्ग येथे एलायझा स्मिथ यांचे द कम्प्लीट हाउसवाइफ छापले. वसाहतींत छापलेले हे पहिले पाकपुस्तक होते. व्हर्जिनियात न मिळणाऱ्या जिनसांच्या कृती पार्क्‌स यांनी गाळल्या. सुझॅना कार्टर यांच्या द फ्रूगल हाउसवाइफच्या १७७२ च्या बॉस्टन आवृत्तीतील चित्रे पॉल रिव्हिअर यांनी कोरली होती. हॅना ग्लास यांचे १७४७ चे पुस्तकही घरोघरी होते.

हार्टफर्ड येथे १७९६ मध्ये प्रसिद्ध झालेले अमेलिया सिमन्स यांचे अमेरिकन कुकरी हे अमेरिकी व्यक्तीने लिहिलेले व अमेरिकेत छापलेले पहिले पाकपुस्तक. ४७ पानांच्या या पुस्तकावर लेखिकेने स्वतःचा उल्लेख ‘अमेरिकी अनाथ’ असा केला आहे. यातील अनेक कृती कार्टर यांच्याकडून उचललेल्या आहेत. नवे आहे ते स्थानिक जिनसांना मिळालेले मानाचे पान : टर्कीबरोबर क्रॅनबेरी, तांबड्या भोपळ्याचे पुडिंग, स्प्रूसची बीअर. मक्याच्या एका पुडिंगसाठी सिमन्स ३ पिंट गरम दूध व ७ चमचे बारीक मक्याचे पीठ घ्यायला सांगतात. मिश्रण निवल्यावर ७ अंडी, अर्धा पौंड बेदाणे, ४ औंस लोणी, मसाला व साखर घालून दीड तास भाजायचे. दूध, अंडी, बेदाणे ही सगळी इंग्रजी पुडिंगची सामग्री, फक्त पीठ मक्याचे. एवढ्या एका बदलात या काळाचा सारा स्वयंपाक दिसतो.

पीठ फुगवण्यासाठी यीस्टऐवजी लाकडाच्या राखेपासून काढलेले पर्लॲश (अशुद्ध पोटॅशियम कार्बोनेट) वापरण्याची पद्धत छापून आली ती याच पुस्तकात. जंगलतोडीमुळे राख विपुल होती. अमेरिकेचे पहिले पेटंट ३१ जुलै १७९० रोजी सॅम्युएल हॉपकिन्स यांना मिळाले, तेही पोटॅश व पर्लॲश बनवण्याच्या रीतीसाठी. आजची बेकिंग पावडर याच वाटेने आली.

मेरी रँडॉल्फ (१७६२–१८२८) यांचे द व्हर्जिनिया हाउसवाइफ १८२४ मध्ये निघाले. नवऱ्याच्या हलाखीच्या काळात त्यांनी १८०८ पासून रिचमंडमध्ये खानावळ चालवली होती. त्यामुळे त्यांच्या पुस्तकात काटेकोर मापे आणि वेळेची शिस्त दिसते. भेंडी-टोमॅटो, आइस्क्रीम, मॅकरोनी यांच्या शेजारी तिथे हिंदुस्थानी पद्धतीची करीही आहे. त्यांच्या करी पावडरीत हळद, धने, जिरे, सुंठ, जायफळ, जायपत्री आणि लाल तिखट प्रत्येकी एक औंस घेऊन कुटायचे, चाळायचे व बाटलीत बंद करायचे. ग्लास यांच्या पुस्तकातही करी होतीच. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांनी आणलेली ही चव लंडनमार्गे व्हर्जिनियाच्या चुलीवर पोचली. जायफळ-जायपत्रीचे प्रमाण हळदीएवढे ठेवलेला हा मसाला मराठी स्वयंपाकघरात कोणी करणार नाही, पण धने-जिऱ्याची जोडी मात्र ओळखीची वाटते.

गुलामगिरीतील स्वयंपाकी : दक्षिणेतल्या मोठ्या घरांत पुस्तक मालकिणीच्या हाती असे आणि सांडशी गुलाम स्त्री-पुरुषांच्या. कॅरोलायनातील भातशेतीही पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या लोकांच्या कौशल्यावर उभी राहिली. भेंडी, तीळ, चवळी ही पिके गुलामांच्या व्यापाराच्या वाटेने आली. या लोकांना स्वतःसाठी मिळे तो शिधा म्हणजे मुख्यतः मका आणि थोडे खारे मांस किंवा मासळी.

राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन यांच्या फिलाडेल्फियातील घरचे मुख्य स्वयंपाकी हर्क्युलिस हे त्यांचे गुलाम होते. २२ फेब्रुवारी १७९७ रोजी, मालकाच्या ६५ व्या वाढदिवशी, ते वॉशिंग्टन यांच्या माउंट व्हर्नन या मळ्यावरून निघून गेले आणि कधीच परतले नाहीत. टॉमस जेफर्सन यांनी १७८४ मध्ये पॅरिसला नेलेले जेम्स हेमिंग्ज फ्रेंच पाककलेत निष्णात झाले. धाकट्या भावाला हे काम शिकवल्यावरच सोडू, अशी अट घालून त्यांना १७९६ मध्ये मुक्त करण्यात आले. जेफर्सन यांच्या माँटिचेलो या घरच्या स्वयंपाकघरातील भांड्यांची त्यांनी स्वहस्ते केलेली यादी उपलब्ध आहे. १८०१ मध्ये त्यांचा अकाली अंत झाला. अमेरिकेत फ्रेंच धाटणीचे जेवण रुजवल्याचे श्रेय दीर्घकाळ एकट्या जेफर्सन यांना दिले गेले, आणि हा अन्याय अलीकडच्या संशोधनाने दूर होत आहे. कृष्णवर्णीय लेखकांची पुस्तके उशिरा आली : रॉबर्ट रॉबर्ट्स यांचे नोकरांसाठीचे मार्गदर्शक १८२७ मध्ये बॉस्टनला, तर मलिंडा रसेल यांचे पाकपुस्तक १८६६ मध्ये.

उत्तरकाळ व अभ्यास : लिडिया मरिया चाइल्ड यांच्या १८२९ च्या द फ्रूगल हाउसवाइफने काटकसर हाच गुण मानला. सारा हेल यांच्या १८२७ च्या नॉर्थवुड कादंबरीतील टर्की व भोपळ्याच्या पायचे जेवण पुढे थँक्सगिव्हिंगचा नमुना ठरले. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर यांनी १८०६ पासून तळ्यांतला बर्फ जहाजांनी विकायला सुरुवात केली आणि १८३३ मध्ये तो कलकत्त्यापर्यंत गेला. चमचा-कपाच्या सपाट मापांची शिस्त फॅनी फार्मर यांच्या १८९६ च्या पुस्तकाने लावली.

विल्यम्सबर्ग, माउंट व्हर्नन आणि ओल्ड स्टरब्रिज व्हिलेज येथे त्या काळच्या चुलींवर आजही स्वयंपाक करून दाखवतात. कॅरन हेस यांनी मार्था वॉशिंग्टन यांच्या हस्तलिखित पाकसंग्रहाचे संपादन (१९८१) आणि कॅरोलायनाच्या भातातील आफ्रिकी वाट्याचा शोध (१९९२) ही पायाभूत कामे केली. जेसिका हॅरिस, टोनी टिप्टन-मार्टिन आणि मायकेल ट्विटी यांनी हा शोध पुढे नेला. उत्खनने, हिशेबवह्या, शिध्याच्या नोंदी आणि तोंडी परंपरा यांच्या आधारे आता या स्वयंपाकाचे खरे कर्ते नावानिशी पुढे येऊ लागले आहेत. अमेरिकी पाककलेचा कोणताही इतिहास यापुढे त्यांच्यापासूनच सुरू करायला हवा.