टीबीची सुई टोचल्यावर हातावरची सूज का मोजतात?

घरात कोणाला टीबी निघाला की आशाताई बाकीच्यांनाही तपासणीला नेतात. हाताच्या कातडीत बारीक सुई टोचली जाते आणि दोन-तीन दिवसांनी परत बोलावतात. कामाच्या गडबडीत काही जण परत जातच नाहीत. पण खरी तपासणी होते ती त्याच दिवशी.

काय मोजतात?
टीबीचा जंतू अंगात शिरला की रोगप्रतिकारक पेशी त्याची प्रथिने ओळखून ठेवतात. तीच प्रथिने कातडीत टोचली की या पेशी तिथे गोळा होतात आणि जागा कडक होऊन सुजते. ४८ ते ७२ तासांनी ही सूज आडवी मोजतात. नुसती लाली धरत नाहीत, बोटाला लागणारा कडकपणाच धरतात.

जुनी चाचणी
मॅन्टू चाचणीत पीपीडी नावाचे औषध टोचतात. त्यात जंतूच्या अनेक प्रथिनांची सरमिसळ असते. साधारणपणे १० मिमी किंवा जास्त सूज आली तर पॉझिटिव्ह. अडचण अशी, की यातली बरीच प्रथिने बीसीजी लशीतही असतात. त्यामुळे लागण नसतानाही लस घेतलेल्याचा हात सुजू शकतो.

नेमकी दोन प्रथिने
फ्रान्समध्ये काल्मेट आणि गेराँ यांनी १९०८ ते १९२१ अशी १३ वर्षे गायीच्या टीबीचा जंतू पुन्हा पुन्हा वाढवून बीसीजी तयार केली. घरचं बियाणं वर्षानुवर्षे पेरताना एखादा गुण निघून जावा, तसा त्या जंतूच्या जनुकांचा एक तुकडा गळाला. ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही प्रथिने त्याच तुकड्यावरची. ती टीबीच्या जंतूत असतात, बीसीजीत नसतात.

म्हणून सी-टीबी या नव्या चाचणीत एवढी दोनच प्रथिने टोचतात. ५ मिमी सूज आली तरी पॉझिटिव्ह. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या या चाचणीला २०२२ मध्ये देशात मान्यता मिळाली. इग्रा ही रक्ताची चाचणीही याच प्रथिनांवर चालते. पेशींनी सोडलेले गॅमा इंटरफेरॉन त्यात मोजतात. त्यासाठी सूज दाखवायला परत जावे लागत नाही.

निकालाचा अर्थ
पॉझिटिव्ह म्हणजे जंतू अंगात शिरला असावा. आजार झालाच असे नाही. ते एक्स-रे आणि थुंकीच्या तपासणीवरून ठरते. सूज मोठी म्हणजे आजार मोठा, असेही नाही. उलट एचआयव्ही किंवा कुपोषणामुळे प्रतिकारशक्ती कमी असेल तर लागण असूनही सूज न येण्याची शक्यता असते.

आजार नसेल तर तो होऊ नये म्हणून गोळ्या देतात. त्यातला एक कोर्स आठवड्यातून एकदा, असा १२ आठवड्यांचा आहे. रुग्णाच्या घरातल्या पाच वर्षांखालच्या मुलांना आजार नाही याची खात्री झाली की सुईच्या निकालाची वाट न पाहता गोळ्या सुरू करता येतात.

सुई टोचली असेल तर तिसरा दिवस चुकवू नका. सूज वेळेत मोजली नाही तर टोचलेली सुई वाया जाते.