वस्तुवर्गीकरण आणि शब्दशोध

वस्तुवर्गीकरण आणि शब्दशोध : वस्तूंच्या मोठ्या डेटाबेसमधून हवी ती वस्तू मिळवण्याच्या दोन मूलभूत पद्धती. वर्गीकरणात प्रत्येक वस्तूला आधी ठरवलेल्या आराखड्यात एक जागा आणि त्या जागेचा क्रमांक, म्हणजे वर्गांक, मिळतो. शब्दशोधात, म्हणजे रोजच्या भाषेतल्या कीवर्ड सर्चमध्ये, वस्तूच्या नावात व वर्णनात आलेल्या शब्दांची सूची संगणक तयार ठेवतो आणि विचारलेला शब्द ज्या नोंदींत असेल त्या समोर मांडतो. पहिल्या पद्धतीत मुख्य श्रम नोंद करणाऱ्याला घ्यावे लागतात, दुसरीत शोधणाऱ्याला. सीमाशुल्क, सरकारी खरेदी, कारखान्यांची भांडारे आणि ऑनलाइन दुकाने या सर्वांचे काम या दोन पद्धतींच्या मेळावर चालते.

पूर्वपीठिका : वर्गांकांची शिस्त ग्रंथालयांतून आली. मेल्व्हिल ड्यूई यांचे दशांश वर्गीकरण १८७६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ज्ञानाचे दहा मुख्य वर्ग आणि प्रत्येकाचे पुन्हा दहा भाग अशी उतरंड होती. एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये मद्रासहून प्रसिद्ध केलेल्या द्विबिंदू वर्गीकरणात वेगळी वाट धरली. विषयाला उतरंडीत एकच ठरीव जागा देण्याऐवजी त्याचे पैलू वेगळे करायचे आणि मग ते जोडून वर्गांक तयार करायचा, असा त्यांचा विचार होता. वस्तूंच्या आजच्या डेटाबेसमध्ये या दोन्ही परंपरा दिसतात.

सुसंवादी प्रणाली : वस्तूंच्या वर्गीकरणांपैकी सर्वाधिक वापरली जाणारी प्रणाली सीमाशुल्काची आहे. ‘हार्मोनाइज्ड सिस्टिम’ या नावाची ही प्रणाली १ जानेवारी १९८८ रोजी लागू झाली. जागतिक सीमाशुल्क संघटना तिची देखभाल करते. तिचे २१ विभाग असून प्रकरणांचे क्रमांक ९७ पर्यंत जातात. त्यांपैकी ७७ वे प्रकरण पुढील वापरासाठी रिकामे ठेवले आहे. वर्गांकाचे पहिले दोन अंक प्रकरण दाखवतात, चार अंकांनी शीर्षक आणि सहा अंकांनी उपशीर्षक कळते. पहिले सहा अंक सर्व सदस्य देशांत समान असतात. पुढचे अंक प्रत्येक देश आपल्या गरजेप्रमाणे जोडतो. उदाहरणार्थ, ०८०४५० या क्रमांकाखाली पेरू, आंबा आणि मँगोस्टीन ही फळे एकत्र येतात. भारताने पुढे दोन अंक जोडून ताज्या आंब्यांतील हापूस, केसर अशा जातींना स्वतंत्र क्रमांक दिले आहेत. भारतातील व्यापाऱ्यांना हीच प्रणाली ‘एचएसएन कोड’ या नावाने परिचित आहे. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या जीएसटीत वस्तूवरील कराचा दर तिच्या आधाराने ठरतो.

हेतूनुसार बदलणारी मांडणी : एकाच वस्तूला दोन वर्गीकरणांत अगदी वेगळ्या जागा मिळू शकतात, कारण कोणतेही वर्गीकरण विशिष्ट कामासाठी रचलेले असते. सुसंवादी प्रणाली कर आकारण्यासाठी आहे आणि तीत पुष्कळदा वस्तू कशापासून बनली याला महत्त्व असते. त्यामुळे स्वयंपाकघरातील भांडी विखुरली जातात : प्लॅस्टिकची ३९२४ मध्ये, पोर्सेलिनची ६९११ मध्ये, काचेची ७०१३ मध्ये, लोखंड-पोलादाची ७३२३ मध्ये, तांब्याची ७४१८ मध्ये आणि ॲल्युमिनियमची ७६१५ मध्ये. वसतिगृहासाठी भांडी घेणाऱ्याला ही मांडणी गैरसोयीची ठरते.

खरेदीदाराची गरज डोळ्यांपुढे ठेवून १९९८ मध्ये ‘यूएनएसपीएससी’ ही प्रणाली तयार झाली. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाची संकेतावली आणि डन अँड ब्रॅडस्ट्रीट या कंपनीची संकेतावली एकत्र करून ती रचली गेली. तिच्या चार पातळ्या आहेत आणि प्रत्येक पातळीला दोन अंक मिळतात. ४४ म्हणजे कार्यालयीन साहित्य, ४४१२ म्हणजे कार्यालयीन पुरवठा, ४४१२१७ म्हणजे लिहिण्याची साधने आणि ४४१२१७०६ म्हणजे लाकडी पेन्सिल. घरगुती भांडी येथे ५२१५ खाली एकत्र सापडतात. संस्थेने वर्षभरात लेखनसाहित्यावर किती खर्च केला, हे बिलांवरील पहिले सहा अंक पाहून काढता येते. मग वेगवेगळ्या विक्रेत्यांनी बिलावर काहीही नाव लिहिलेले असो. जर्मनीत विकसित झालेली ‘ईक्लास’ ही प्रणाली आणखी पुढे जाते. ती प्रत्येक वर्गासाठी कोणते गुणधर्म नोंदवायचे, कोणत्या एककात नोंदवायचे आणि कोणती मूल्ये ग्राह्य धरायची, हेही ठरवून देते.

वर्गीकरणाच्या मर्यादा : पहिली मर्यादा काळाची. नवी वस्तू बाजारात येते तेव्हा आराखड्यात तिची जागा नसते आणि ती ‘इतर’ या रकान्यात जाऊन पडते. सुसंवादी प्रणालीत स्मार्टफोनला स्वतंत्र उपशीर्षक आणि ड्रोनला स्वतंत्र शीर्षक मिळाले ते २०२२ च्या आवृत्तीत. तोवर दोन्ही वस्तू घरोघरी माहीत झाल्या होत्या. दुसरी मर्यादा सीमारेषेची. टोमॅटो फळ की भाजी, हा वाद १८९३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. वनस्पतिशास्त्र काहीही म्हणो, रोजच्या वापरात तो भाजी म्हणून खाल्ला जातो, या आधारावर न्यायालयाने तो भाजीत घातला. भारतात लहान बाटल्यांतील शुद्ध खोबरेल तेल खाद्यतेल (१५१३) मानायचे की केसांसाठीचे प्रसाधन (३३०५), हा वाद अनेक वर्षे चालला. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की केवळ बाटली लहान आहे म्हणून ते केसांचे तेल ठरत नाही. तिसरी मर्यादा माणसाची. आराखडा कितीही चांगला असला, तरी घाईने चुकीचा वर्गांक दिला गेला की ती वस्तू त्या वाटेने कोणालाच सापडत नाही.

शब्दशोधाचे कार्य : शब्दशोधासाठी संगणक उलटी सूची बनवतो. पुस्तकाच्या शेवटी असलेल्या शब्दसूचीप्रमाणे तीत प्रत्येक शब्दापुढे तो कोणकोणत्या नोंदींत आला, हे लिहिलेले असते. सगळे शब्द सारख्या मोलाचे नसतात. संपूर्ण डेटाबेसमध्ये क्वचित येणारा शब्द नोंद ओळखण्यास अधिक उपयोगी पडतो, हे तत्त्व कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडले. निकालांचा क्रम लावण्याच्या अनेक पद्धती त्यावर उभ्या आहेत. शब्दशोधाला आधी आराखडा लागत नाही. वस्तू आज नोंदवली की तिचे नाव, मॉडेल क्रमांक किंवा कंपनी ठाऊक असलेल्याला ती आजच सापडते. हे त्याचे सर्वांत मोठे बळ होय.

त्याचा दोष असा की तो लिहिलेलेच शोधतो. मराठीत ही अडचण वाढते. ‘पंखा’ हा शब्द अक्षरशः जुळवून शोधणाऱ्याला ‘पंख्याचे पाते’ ही नोंद मिळत नाही, कारण प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे सामान्यरूप होते. प्रत्यय सरसकट काढून टाकावेत, तर ‘पानाचा डबा’ यातील ‘चा’ काढल्यावर ‘पाना’ उरतो आणि तो बोल्ट आवळण्याचे अवजार आहे. ‘हरभरा’ आणि ‘चणा’, ‘शेंगदाणे’ आणि ‘दाणे’ यांतले नाते संगणकाला शिकवावे लागते. ‘दोऱ्या’ या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखी दिसतात, पण आधी ती एकरूप करून घेतली नाहीत तर संगणक त्यांना वेगळे शब्द मानतो. शिवाय अनेक ग्राहक मराठी शब्द रोमन लिपीतच टंकतात. नोंदीला वर्गांक असेल तर यातले बरेच गोंधळ टळतात : पाना ८२०४ मध्ये येतो आणि पानाचा डबा कोणत्याही धातूचा असला तरी तिथे येत नाही.

तुलनात्मक प्रयोग : या दोन पद्धतींची पद्धतशीर तुलना इंग्लंडमधील क्रॅनफील्ड येथे सिरिल क्लेव्हरडन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केली. विमानविद्येवरील १८,००० लेखांची सूची चार पद्धतींनी तयार करण्यात आली. त्यांत दोन वर्गीकरणे होती, एक विषयशीर्षकांची यादी होती आणि एक सुट्या शब्दांची पद्धत. अपेक्षित लेख सापडण्याचे प्रमाण चारही पद्धतींत ७४ ते ८२ टक्क्यांच्या दरम्यान राहिले आणि सुटे शब्द सर्वांत पुढे होते. वर्गीकरणाच्या श्रेष्ठत्वावर विश्वास असलेल्या ग्रंथपालांना हा निष्कर्ष धक्कादायक वाटला. शोधाचे मोजमाप करणाऱ्या दोन कसोट्या याच परंपरेत रुळल्या : सापडलेल्यांपैकी कामाचे किती, ही अचूकता, आणि कामाचे जेवढे होते त्यांपैकी सापडले किती, ही परिपूर्णता. सामान्यतः एक वाढवली की दुसरी घटते.

दुसरी बाजू १९८५ मध्ये डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन यांनी दाखवली. एका खटल्याच्या सुमारे ४०,००० कागदपत्रांत वकील शब्दशोध करत होते. आपल्याला उपयोगाची तीन चतुर्थांश कागदपत्रे मिळाली आहेत, असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात सुमारे एक पंचमांशच मिळाली होती. ज्याला एक पक्ष अपघात म्हणत होता, त्यालाच दुसऱ्या पक्षाच्या लेखनात नुसती ‘घटना’ किंवा ‘परिस्थिती’ म्हटलेले होते. जे सापडले नाही त्याचा पत्ताही लागत नाही, हा शब्दशोधाचा सर्वांत गंभीर धोका या अभ्यासाने उघड केला.

संयुक्त पद्धती : ऑनलाइन दुकानांत शोधपेटीत शब्द टंकल्यावर बाजूला रंग, माप, किंमत, कंपनी अशा गाळण्या दिसतात. हा रंगनाथनांच्या पैलूविचाराशी जवळचे नाते सांगणारा व्यवहार आहे. मात्र शर्टच्या मापाचा रकाना रिकामा असेल, तर मापाची गाळणी लावताच तो शर्ट यादीतून नाहीसा होतो. सरकारी खरेदीसाठी ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘जेम’ या संकेतस्थळावर प्रवर्ग आणि त्याचे ठरीव गुणधर्म यांच्या चौकटीत वस्तू नोंदवली जाते. त्यामुळे निरनिराळ्या विक्रेत्यांच्या वस्तूंची तुलना शक्य होते. अलीकडे शब्दांचे अर्थ संख्यांच्या रूपात मांडणारी यंत्रशिक्षणाची तंत्रे दोन्ही कामांत वापरली जातात : टंकलेला शब्द कोणत्या प्रवर्गाकडे बोट दाखवतो हे ओळखण्यासाठी, आणि नव्या वस्तूला वर्गांक सुचवण्यासाठी. हा अंदाज पूर्वीच्या नोंदींवरून शिकलेला असतो. त्या नोंदी चुकीच्या असतील तर चूकही तितक्याच वेगाने पसरते.

मूल्यमापन : नाव ठाऊक असलेली एक वस्तू शोधायची असेल तेव्हा शब्दशोध सरस ठरतो. मोजणी, तुलना, कर आणि खर्चाचा हिशेब यांसाठी, तसेच एका प्रकारच्या सर्व वस्तू पाहायच्या असतील तेव्हा वर्गीकरणाला पर्याय नाही. म्हणून ग्राहक भांडार असो, रुग्णालयाचे औषधभांडार असो वा कारखाना, डेटाबेस उभारताना प्रत्येक वस्तूची नोंद चार गोष्टींसह व्हायला हवी : प्रमाणित नाव, मान्य प्रणालीतील वर्गांक, त्या वर्गाचे ठरीव गुणधर्म आणि लोकांच्या तोंडी असलेली पर्यायी नावे. ही नोंद काळजीपूर्वक करणाऱ्या माणसाचे काम कारकुनी समजून दुर्लक्षिले जाते. वास्तविक दोन्ही पद्धतींचे यश त्याच्यावरच अवलंबून असते.