दाढेतली कीड : वासण्यातल्या एका प्रश्नाची जुनी वाट

गेल्या महिन्यात आत्याला घेऊन वासण्यातल्या एका दातांच्या दवाखान्यात बसलो होतो. आत्या ब्याऐंशी वर्षांची, जन्म दांडिया बाजारातला. दाढ काढून झाली. गालात कापूस धरून तिने पहिला प्रश्न विचारला, "कीड निघाली का? दाखवा बघू." डॉक्टर गुजराती. हसून म्हणाले, "बा, जीव नथी, सडो छे." मला तिथेच या टिपणाचा विषय मिळाला. एकाच दुखण्याला आपण मराठी माणसं 'कीड' म्हणतो आणि शेजारचे गुजराती बहुतेक 'सडो' म्हणतात. शब्द दोन, आणि त्यामागच्या समजुतीही दोन.

कीड ही समजूत फार जुनी. बाबिलोनच्या मातीच्या विटेवर दातातल्या किड्याविरुद्धचा मंत्र आहे. आपल्या सुश्रुतसंहितेत 'कृमिदंतक' हा रोग आहे. त्याच ग्रंथात दातवण बारा अंगुळे लांब असावे, आणि कडू हवे तर निंब, तुरट हवे तर खैर, असेही सांगितले आहे. म्हणजे रोज दात घासण्याची शिस्त आणि किड्याची कल्पना एकाच पोथीत सुखाने नांदत होत्या.

आमच्या घरात या किड्यावर धुरी होती. आजी रिंगणीचे बी तुपात घोळून निखाऱ्यावर टाकायची, वर नरसाळे धरायची आणि त्याची नळी दुखऱ्या दाढेकडे. लाळ पाण्याच्या वाटीत गळू द्यायची. मग वाटीत बारीक पांढरे काहीतरी तरंगायचे. "बघ, निघाले किडे!" मी ते मोजलेही आहेत, एकदा सात होते. दुखणे दोन दिवस थांबायचे, पुन्हा सुरू व्हायचे. आजी म्हणायची, एखादा राहिला असेल.

युरोपातही हेच चालत असे, फक्त बी खुरासनी ओव्याचे. पुढे तिथल्या वैद्यांच्या लक्षात आले की उष्णतेने बी फुटते, आतला पांढरा कोंब बाहेर पडतो आणि तोच किड्यासारखा दिसतो. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने 1728 च्या आपल्या ग्रंथात लिहिले की सूक्ष्मदर्शकातून पाहूनही त्याला किडा सापडला नाही. मग 1890 मध्ये मिलरने मांडले की तोंडातले जंतू साखर-पिठाचे आम्ल करतात आणि त्याने दात विरघळतो. जीव आहे, पण वाटीत पडणारा नव्हे. तेव्हा 'कीड' अगदीच खोटी नाही आणि 'सडो'ही बरोबर. आजीच्या वाटीतले माझे सात किडे काय होते, हे मात्र मला साठी उलटल्यावर कळले.

आत्याचा दुसरा प्रश्न जास्त महागात पडला होता. वरची दाढ काढली की नजर जाते, या भीतीने तिने सहा महिने काढले. गाल डोळ्याखालपर्यंत सुजला, तेव्हा कुठे आली. डॉक्टरांनी समजावले की पाहण्याची नस वेगळी, दातांची वेगळी. दात काढल्याने नजर जात नाही. उलट वरच्या दाताचा पू साचू दिला तर तोच वर चढून डोळ्याभोवती पसरू शकतो. भीती अशी कुठून आली असेल, याचा माझा अंदाज साधा आहे. लोक सूज डोळ्यापर्यंत आल्यावरच दात काढायला जात, आणि नंतर जे बिघडे त्याचे खापर दात काढणाऱ्यावर फुटे. लवकर आली असती तर दाढ राखता आली असती, शेजारचीही. दोन्ही गेल्या.

तसे भ्यायला कारणही होते. गुंगी न देता दात उपटणे हाच शेकडो वर्षे रिवाज होता. ईथरचा जाहीर प्रयोग 1846 चा, आणि करणारा मॉर्टन स्वतः दंतवैद्य. जागा बधिर करणारे प्रोकेन 1905 च्या सुमाराचे. आपल्या देशात डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्याला दंतमहाविद्यालय काढले ते 1920 मध्ये. मुंबईचे नायर 1933 चे, अहमदाबादचे सरकारी 1963 चे. 1948 च्या दंतवैद्य कायद्याने नोंदणी आणली, पण पदवी नसलेल्या, पाच वर्षे धंदा करत असलेल्यांसाठी 'ब' भाग ठेवला. हे व्यवहाराला धरूनच होते, नाहीतर गावंच्या गावं दंतवैद्याविना राहिली असती. पुढच्याच वर्षी, 1 मे 1949 ला, बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

एक गोष्ट संस्थानाची म्हणून सांगतो. मेहसाणा आणि अमरेली हे दोन्ही मुलूख गायकवाडांचे. तिथल्या पाण्यात फ्लोराइड जास्त, त्यामुळे पुष्कळांचे दात तपकिरी डागांचे. फ्लोराइडमुळे दात डागाळतात, हे अमेरिकेत 1931 मध्ये कळले आणि भारतात 1937 मध्ये नेल्लोरकडच्या पाहणीतून. त्याआधी अशा माणसाला "दात घासत नाहीस का रे?" असेच ऐकावे लागले असणार. हा प्रश्न अजूनही विचारला जातो, आणि अजूनही बिचाऱ्यालाच.

दात साफ केले की हलायला लागतात, हेही त्या दवाखान्यात बाकावरची एक बाई सांगत होती. कीटण दातांना चुन्यासारखे जोडून धरते. ते निघाले की आधीच सैल झालेला दात सैल जाणवतो, एवढेच.

निघताना आत्याने डॉक्टरांकडून आपली दाढ मागून घेतली, रुमालात गुंडाळली. घरी आल्यावर चष्मा लावून खिडकीपाशी बसली, दाढेतल्या काळ्या भोकात टाचणी घालून बराच वेळ शोधत होती.