संगीतसूर्य केशवराव भोसले : पोटापासून कलेपर्यंतची वाट

यवतमाळ जिल्ह्यातील आपल्या समाजबांधवांच्या घरी एखादे मूल गाण्यात वा नाटकात रमू लागले, की वडीलधाऱ्यांस प्रथम काळजी वाटते. ती अनाठायी आहे, असे आम्ही म्हणत नाही. परंतु निर्णय करण्यापूर्वी केशवराव भोसले यांचे चरित्र प्रत्येक कुटुंबाने दृष्टीसमोर ठेवावे, असे आम्हांस वाटते.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. पितृछत्र बालपणीच हरपले आणि घरास दारिद्र्याने वेढले. ज्या वयात पाटी हाती घ्यावयाची, त्या वयात त्यांस स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत जावे लागले. त्यांस रंगभूमीवर प्रथम नेले ते पोटाने. कलेची ओळख मागाहून झाली. त्या काळी बहुतेक मंडळ्यांत स्त्रीभूमिका पुरुषच करीत. गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘शारदा’ नाटकातील नायिकेच्या भूमिकेने या बालनटाचे नाव सर्वतोमुखी झाले. जरठाशी विवाह ठरलेल्या कोवळ्या मुलीचे दुःख प्रेक्षकांस एका पोरक्या मुलाच्या कंठातून ऐकू आले.

अठरावे वर्ष पुरे झाले नसताच, १ जानेवारी १९०८ रोजी, त्यांनी हुबळी येथे ललितकलादर्श मंडळी स्थापन केली. नाटक मंडळी म्हणजे फिरता संसारच. नटांचे जेवणखाण, पडदे, पोशाख, गावोगावचा प्रवास, सारा भार मालकाच्या शिरावर. तो वाहूनही त्यांनी नवे नाटककार पुढे आणले. आपल्या वऱ्हाडातील, अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ हे नाटक त्यांनी १९१३ साली रंगभूमीवर आणले. मामा वरेरकरांच्या ‘हाच मुलाचा बाप’ने हुंड्याच्या रूढीवर प्रहार केला. तो प्रश्न ज्ञातिसभांतून अद्यापि चर्चिला जातो, हे आपण जाणतोच.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर! दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे धुरीण देशकार्यासाठी एकत्र आले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, अवघ्या एकतिसाव्या वर्षी केशवरावांचे देहावसान झाले. बापूराव पेंढारकरांनी मंडळी पुढे चालविली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी उभारलेल्या नाट्यगृहास पुढे केशवरावांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ रोजी, त्यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येस, ते आगीच्या भक्ष्यस्थानी पडले, तेव्हा अवघा महाराष्ट्र हळहळला.

या चरित्रापासून मुलांस शाळेतून काढावे, असा बोध कोणी घेऊ नये. केशवरावांस निवड करण्याची मुभाच नव्हती. आपल्या मुलांस ती आहे. त्यांचे शिक्षण पुरे व्हावे, आणि अंगी गुण दिसल्यास चांगला गुरूही लाभावा. परीक्षेत यशस्वी झालेल्या विद्यार्थ्यांचा आपण गौरव करतो. त्या पंक्तीत गाणाऱ्या आणि अभिनय करणाऱ्या मुलामुलींसही स्थान द्यावे, अशी आमची सर्व कुटुंबांस नम्र विनंती आहे.