इनाम, खुराक आणि हिंदकेसरी

निपाणी-चिकोडी पट्ट्यात गावची यात्रा भरली की पालखीमागोमाग माणसं कुस्तीच्या मैदानाकडे लोटतात. आधी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग नारळावरच्या. तिथून इनाम चढत जातं आणि दिवस कलताना एक नंबरची जोड लागते. हलगी कडाडते. जिंकलेला गडी मातीनं माखलेल्या अंगानं मैदानाला फेरी मारतो, बघणारे त्याच्या हातात नोटा कोंबतात आणि निवेदक देणाऱ्याचं नाव माइकवरून पुकारतो. कुस्ती बरोबरीत सोडवली, की हीच माणसं पंचांच्या नावानं ओरडतात. वर्गणी त्यांची, तेव्हा त्यांना निकाल हवा असतो.

पैलवानाची किंमत अशी चारचौघांत ठरण्याआधी ती राजवाड्यात ठरत असे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात तालमींना आश्रय दिला, पैलवानांच्या खुराकाची सोय केली, 1912 साली खासबाग मैदान उभं केलं. बेळगाव भागातली पोरं वस्तादाच्या शोधात कोल्हापूरची वाट धरू लागली. 1949 मध्ये संस्थान विलीन झालं नि राजाश्रय संपला; दूध-तूप-बदामाचा खर्च मात्र राहिला.

एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे याच वाटेनं गेले. चिकोडी तालुक्यातलं त्यांचं गाव 1956 च्या राज्य पुनर्रचनेत जिल्ह्यासकट म्हैसूर राज्यात गेलं होतं. 1959 साली त्यांनी पंजाबच्या बंतासिंगला हरवून पहिला हिंदकेसरी किताब मिळवला. कोल्हापूरनं त्यांना आपलं मानलं, एकसंब्यानंही. 2020 च्या डिसेंबरात ते वारले, तेव्हाही बातम्यांत नावाआधी ‘पहिले हिंदकेसरी’ हेच बिरुद होतं.

मानाची वाण कधीच नव्हती; वाण होती पैशाची. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1952 ला हेलसिंकी ऑलिंपिकला गेले, ते राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले म्हणून. ब्राँझपदक घेऊन परतल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पोलीस खात्यात फौजदाराची नोकरी मिळायला मात्र 1955 साल उजाडलं. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर.

क्रिकेटमध्ये मात्र 2024 च्या आयपीएल लिलावात ऋषभ पंतवर 27 कोटींची बोली लागली, तेव्हा एवढ्या पैशाची खेळाडूची लायकी असते का, ही चर्चा पुन्हा रंगली. ही बोली टीव्हीचे हक्क नि जाहिरातींच्या जोरावर लागते. यात्रेतलं इनाम वर्गणीच्या वहीपलीकडे जात नाही. म्हणून रकमेवरून क्रिकेटपटू नि पैलवानाचा कस ठरवणं फसवं आहे. जुन्या हिंदकेसरींना महाराष्ट्र सरकार मानधन देतं, पण ते किताब मिळाल्यावर. तोवर तालमीतल्या पोराचा खुराक घरच्या गोठ्यावर नि उसाच्या बिलावर चालतो. गुडघा निकामी होऊन पोरगं मधेच घरी परतलं, तर त्या खर्चातला रुपयाही कुणी भरून देत नाही.