सरताज कोण? कार्टूनगीतांच्या क्रमवारीची कुळकथा

कार्टूनपटातलं सगळ्यात भारी गाणं कोणतं, हा प्रश्न एखाद्या मराठी घरात चहाच्या वेळी टाकून पाहावा. पन्नाशीतली आत्या दूरदर्शनवरच्या पाखरांच्या गाण्याचं नाव घेईल. चाळिशीतला काका मोगलीवर अडून बसेल. दहावीतली भाची दोघांकडे दयेनं बघेल, मोबाइलवर 'एन्कँटो'मधलं एखादं गाणं लावेल आणि ते किती कोटी वेळा पाहिलं गेलंय तो आकडाही नाकासमोर धरेल. वाद मिटत नाही, कारण तिघांचे तराजू वेगळे. हे तराजू आले कुठून, ही गोष्ट गाण्यांइतकीच रंजक आहे, आणि तिचा बराचसा भाग मुंबईत, त्यातही वरळी-परळच्या आसपास घडला आहे.

गाण्यांना नंबर लावायची रीत तशी अलीकडची. अमेरिकेत १९३५ मध्ये रेडिओवर 'युअर हिट परेड' सुरू झालं. १९४० मध्ये 'बिलबोर्ड' साप्ताहिकानं रेकॉर्डच्या विक्रीवरून यादी छापायला घेतली. ब्रिटनमधली पहिली यादी 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस'नं छापली ती १४ नोव्हेंबर १९५२ला. पर्सी डिकिन्स नावाच्या गृहस्थांनी वीसेक दुकानदारांना फोन करून 'काय खपतंय?' असं विचारलं आणि आलेल्या उत्तरांची बेरीज केली, इतकंच. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ३ डिसेंबर १९५२ला, बुधवारी, रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' वाजली.

आपल्याकडच्या या प्रकाराचं श्रेय उलट्या वाटेनं एका मराठी माणसाकडे जातं. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर त्याच वर्षी केंद्रात नभोवाणीमंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते कट्टर पक्षपाती, आणि सिनेमाची गाणी त्यांना उथळ वाटत. आकाशवाणीवरून चित्रगीतं जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोत्यांनी रेडिओचा काटा कोलंबोकडे फिरवला. तिथे 'बिनाका हिट परेड' हा इंग्रजी गाण्यांचा कार्यक्रम आधीच चालू होता. बिनाका टूथपेस्ट विकणाऱ्या कंपनीला तसंच काहीतरी हिंदीत हवं होतं. निवेदक अमीन सायानी हे काम आठवड्याला २५ रुपयांवर करायला तयार झाले. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा आणि टेप विमानानं कोलंबोला जायची. पहिल्या कार्यक्रमानंतर चाळीस-पन्नास पत्रं येतील असा अंदाज होता, आली नऊ हजार. सायानी हा किस्सा आयुष्यभर सांगत राहिले.

सुरुवातीला गीतमालेत क्रमवारी नव्हती. सात गाणी कुठल्याही क्रमानं लागत आणि श्रोत्यांनी त्यांचा क्रम ओळखायचा, असा बक्षिसाचा खेळ होता. पत्रांचे ढीग आवरेनासे झाले तेव्हा खेळ बंद करून नंबर लावायचं ठरलं. मग क्रमांकासाठी 'पायदान' आलं, वर्षाअखेरीचं 'सरताज गीत' आलं. दुकानांतल्या विक्रीचे आकडे हा पहिला आधार होता. पण आपल्या सिनेमाचं गाणं वर चढावं म्हणून दुकानांपाशी हिकमती करणारे निघाले, तेव्हा गावोगावच्या श्रोता संघांची मतंही मोजली जाऊ लागली. निवडणूक आणि दुकानदारी यांचं असं मिश्रण दर बुधवारी रात्री आठ वाजता देशभर ऐकलं जाई.

या सगळ्यात लहान मुलांचं मत कुणी विचारलं नाही. रेकॉर्ड घ्यायला पैसे मोठ्यांकडे, पोस्टकार्ड लिहिणार मोठे, श्रोता संघाचे अध्यक्ष-चिटणीसही मोठेच. शिवाय गीतमाला हिंदी चित्रपटगीतांची होती, आणि आपल्याकडे गाणारा कार्टूनपट होताच कुठे?

चित्रं हलवायचा नाद मात्र जुना होता. दादासाहेब फाळक्यांनी १९१५च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' या छोट्या मूकपटात काड्या नाचवल्या होत्या. प्रभात कंपनीत रघुनाथ केळकरांनी १९३४ मध्ये 'जंबूकाका' हा कोल्ह्याचा कार्टूनपट केला. त्या काळात प्रभातमध्ये पडेल ते काम करणारा एक तरुण होता, वसंत देसाई. सावंतवाडीकडून आलेला हा मुलगा नट, गायक, सहायक अशा पायऱ्या चढत संगीतकार झाला आणि व्ही. शांताराम प्रभात सोडून मुंबईत आले तेव्हा त्यांच्याबरोबर परळच्या राजकमल कलामंदिरात दाखल झाला. 'दो आँखें बारह हाथ'मधली त्यांची प्रार्थना पुढे देशातल्या किती शाळांत म्हटली गेली याची गणती नाही. 'गुड्डी'तल्या प्रार्थनेचंही तेच. सामान्य गळ्याला, आणि एकदम शंभर गळ्यांना, पेलेल अशी चाल बांधणं ही देसाईंची खासियत. ती दिसते तितकी सोपी नसते: स्वरांच्या उड्या छोट्या ठेवाव्या लागतात, श्वासाची जागा राखावी लागते आणि तरी चाल मिळमिळीत होऊ द्यायची नसते.

१९७४ मध्ये हे कौशल्य कार्टूनच्या कामी आलं. सरकारी फिल्म्स डिव्हिजनच्या 'एक, अनेक और एकता' या सात मिनिटांच्या पटाचं दिग्दर्शन विजया मुळे यांचं, चित्रं आणि ॲनिमेशन भीमसेन यांचं, शब्द पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांचे आणि संगीत वसंत देसाईंचं. आत्याचं पाखरांचं गाणं ते हेच, आणि त्यात बालवयातल्या साधना सरगम यांचा आवाज आहे. पटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी, २२ डिसेंबर १९७५ला, लिफ्टच्या अपघातात देसाई गेले. म्हणजे लाखो मुलांनी पाठ केलेलं हे गाणं त्यांच्या अखेरच्या कामांपैकी आहे.

ते मुलांपर्यंत पोचलं मात्र दूरचित्रवाणीमुळे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला वरळीत सुरू झालं. दिल्लीनंतरचं हे देशातलं दुसरं. वरळीच्या त्या तीनशे मीटर उंच मनोऱ्यावरून 'किलबिल' यायचं, 'गजरा' यायचा, गुरुवारी 'छायागीत' यायचं. कार्यक्रमांच्या अधल्यामधल्या जागेत फिल्म्स डिव्हिजनचे छोटे पट लागत. मनोऱ्याच्या पायथ्याशी पसरलेल्या बीडीडी चाळींत मजल्यावर एखादाच टीव्ही असे आणि त्या खोलीत दाराबाहेरपर्यंत पोरं बसलेली असत. पाखरांचं गाणं कधी लागेल याचं वेळापत्रक नव्हतं. लागलं की सगळ्यांनी मिळून म्हणायचं.

त्याची रेकॉर्ड किती खपली असं विचारण्यात अर्थ नाही, कारण ते खपवण्यासाठी केलेलंच नव्हतं. टूथपेस्टच्या यादीला सरकारी शैक्षणिक पट दिसत नव्हता. आपल्याकडे कार्टूनगीतांची परंपरा आहे का, या प्रश्नाला अनेक जण आजही नाही म्हणतात ते याच आंधळेपणामुळे.

अमेरिकेत नेमकं उलटं घडलं. तिथे कार्टूनचं गाणं जन्मापासून बाजारात होतं. १९३३च्या 'थ्री लिटल पिग्ज'मधलं लांडग्याला वेडावणारं गाणं मंदीच्या दिवसांत घरोघरी पोचलं. 'स्नो व्हाइट'ची गाणी १९३८ मध्ये थेट चित्रपटाच्या ध्वनिपट्टीवरून रेकॉर्डवर आली. या प्रकारचा तो पहिला संच मानला जातो. 'पिनोकिओ'च्या 'व्हेन यू विश अपॉन अ स्टार'ला ऑस्कर मिळालं, आणि २००४ मध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटनं शंभर चित्रपटगीतांची यादी केली तेव्हा ते सातव्या क्रमांकावर होतं.

पण तराजू इतके असूनही वजन बरोबर येतं असं नाही. 'द लिटल मर्मेड'चं उदाहरण घ्यावं. गीतकार हॉवर्ड ॲशमन नाटकाच्या दुनियेतून आले होते. नायिकेनं सुरुवातीलाच आपल्याला काय हवंय ते गाऊन सांगावं, ही ब्रॉडवेची युक्ती त्यांनी कार्टूनमध्ये आणली. 'पार्ट ऑफ युअर वर्ल्ड' हे ते गाणं. चाचणी खेळात मुलं त्या गाण्याला चुळबुळ करू लागली आणि स्टुडिओचे प्रमुख जेफ्री कॅत्झनबर्ग ते कापायला निघाले. ॲशमन आणि चित्रकार ग्लेन कीन हटून बसले म्हणून ते वाचलं. पुढे १९९०चं ऑस्कर त्याच चित्रपटातल्या 'अंडर द सी'ला गेलं. नामांकन 'किस द गर्ल'लाही होतं, 'पार्ट ऑफ युअर वर्ल्ड'ला साधं नामांकनही नाही. आज मात्र त्या चित्रपटातलं पहिलं कोणतं, असं विचारलं तर बहुतेक जण त्याचंच नाव घेतात. 'एन्कँटो'च्या बाबतीत तर डिस्ने कंपनीचाच अंदाज चुकला. ऑस्करसाठी 'दोस ओरुगितास' पाठवलं आणि २०२२ मध्ये बिलबोर्डच्या शिखरावर पाच आठवडे बसलं ते 'वी डोन्ट टॉक अबाउट ब्रूनो'. डिस्नेच्या कार्टूनगीतांत त्याआधी तो मान मिळाला होता एकट्या 'अ होल न्यू वर्ल्ड'ला, १९९३ मध्ये.

त्याच १९९३ साली भारतात रविवारी सकाळी मोगली आला. निप्पॉन ॲनिमेशनची 'जंगल बुक' ही जपानी मालिका हिंदीत आणताना दूरदर्शनवर नवं शीर्षकगीत वाजलं. शब्द गुलजारांचे, संगीत तेव्हा फारसं नाव नसलेल्या विशाल भारद्वाज यांचं, आणि शेरखानचा आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. गीतमाला तोवर विविध भारतीवर येऊन थकत चालली होती. दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर 'सुपरहिट मुकाबला' ही नवी क्रमवारी जोरात होती. त्यातही मोगलीला जागा नव्हती, कारण तो चित्रपट नव्हता! तेवीस वर्षांनी, २०१६ मध्ये, डिस्नेला आपला 'द जंगल बुक' भारतात खपवायचा होता तेव्हा ऑस्करविजेत्या गाण्यांचा वारसा बाजूला ठेवून त्यांनी गुलजार-विशाल जोडीकडून तेच शीर्षकगीत नव्यानं करून घेतलं. शेरखानसाठी पाटेकरही परत आले. कुठल्याही यादीत न चढलेल्या गाण्यासाठी याहून मोठी पावती कोणती?

तोवर डिस्नेचाही वरळीशी धागा जुळला होता. वरळी नाक्याजवळ, डॉ. ई. मोझेस रोडवरच्या पारिजात हाउसमध्ये एके काळी यूटीव्हीचं कार्यालय होतं. ती कंपनी डिस्नेनं २०१२ मध्ये पूर्ण ताब्यात घेतली. याच यूटीव्हीनं नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात राम मोहन यांच्याबरोबर ॲनिमेशनचा स्टुडिओ उभा केला होता. राम मोहन फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात घडलेले.

आता प्रश्नाचं उत्तर. खप, मतं, परीक्षक आणि मोबाइलवरचा आकडा बाजूला ठेवून एकच कसोटी लावावी: गाणं काढून घेतलं तर गोष्ट उरते का? वी. जी. सामंत आणि मिलिंद उके यांचा २००५चा 'हनुमान' भारतात ॲनिमेशन चालू शकतं हे दाखवणारा चित्रपट. तापस रेलिया यांची त्यातली गाणी जोरकस आहेत, पण त्यांतलं एखादं वगळलं तरी मारुतीराया लंकेला पोचतोच. तिसरा क्रमांक. मोगलीचं शीर्षकगीत चालीत आणि शब्दांत सरस, एकदा ऐकलं की डोक्यातून जात नाही. पण ते दारावरचं गाणं आहे, गोष्ट त्याच्यानंतर सुरू होते. दुसरा क्रमांक, आणि काका रागावणार.

पहिला क्रमांक वसंत देसाईंचा. पारध्याच्या जाळ्यासकट उडणारी पाखरं आणि जाळं कुरतडणारे उंदीर ही गोष्ट आपल्या जुन्या नीतिकथांतली, हजारदा सांगून झालेली. इथे ती गाण्यातच घडते. ताई सांगते, मुलं विचारतात, आणि हीच प्रश्नोत्तरं चालीची रचना ठरतात. एक आवाज पुढे, मग अनेक मागे. पटाच्या नावात आहे तेच वाद्यमेळात आणि गळ्यांत ऐकू येतं. गाणं वगळलं तर सात मिनिटांतलं हाती काहीच लागत नाही. ॲशमननी ब्रॉडवेहून जे आणलं, ते परळच्या संगीतकारानं त्यांच्या पंधरा वर्षं आधी शैक्षणिक पटाच्या तुटपुंज्या जागेत करून ठेवलं होतं. भाचीला हे पटणार नाही. तिनं २०२५ मध्ये 'के-पॉप डेमन हंटर्स' पाहिलाय: त्यातल्या गायिका चाहत्यांची मनं आणि पुरस्कार जिंकण्यासाठीच राक्षसांच्या बँडशी झुंजतात, आणि त्यांचं 'गोल्डन' ऑगस्टमध्ये खऱ्याखुऱ्या बिलबोर्ड यादीत पहिलं आलं. पुढच्या चहाला तिचा मुद्दा तयार असेल.